करदोड्याखालची काळी खपली

कोजागिरीनंतरच्या एका रविवारी आम्ही अंजनगावचे चौघे परतवाडामार्गे चिखलदऱ्याला गेलो आणि गाविलगडाच्या वाटेला लागलो. कमरेएवढं गवत पिवळं पडू लागलं होतं. वाटेत झाडाखाली एक गुराखी आणि त्याचा तरणा मुलगा बसलेले. मुलगा घोंगडी पांघरून कुडकुडत होता. सोबतचे मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणाले, तसा बाप उठून जवळ आला. ‘‘याले आठ दिवसापासून ताप येऊन राह्यला. गोया खाल्ल्या, पन उतरतच नाही.’’

मुलाचे डोळे लाल होते, डोकं ठणकत होतं, काखेत गाठी आल्या होत्या. सदरा वर करून पाहिलं, तर करदोड्याखाली एक काळी खपली. सिगारेटचा चटका बसावा तशी. पण दुखत नाही, खाजत नाही. मुलाला तिचा पत्ताही नव्हता. त्याच दिवशी त्याला रुग्णालयात पाठवलं. औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला.

हा ‘स्क्रब टायफस’. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाच्या जिवाणूमुळे होतो. गवत-झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याची ‘चिगर’ नावाची अळी चावते आणि साधारण दहा दिवसांनी ताप येतो. पावसाळा सरता सरता हे किडे वाढतात. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबर हा जोखमीचा काळ. 2018 साली नागपूर आणि आसपासच्या भागात या तापाने अनेकांचे बळी घेतले. हा आजार माणसापासून माणसाला होत नाही. त्यामुळे रुग्णाला वेगळं ठेवायची गरज नाही.

डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध त्यावर गुणकारी आहे. गरोदर स्त्रियांना अॅझिथ्रोमायसिन देतात. पण नेहमी दिली जाणारी अॅमॉक्सिसिलिनसारखी औषधं इथे निरुपयोगी ठरतात. त्यात दिवस गेले, तर फुप्फुसं, मूत्रपिंड, यकृत आणि मेंदूवर परिणाम होऊन रोगी दगावू शकतो. मलेरिया, डेंग्यूच्या तपासण्या ‘निगेटिव्ह’ आल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. खपली प्रत्येकाला दिसतेच असंही नाही.

आपण काय करायचं? गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घाला. डबा खायला बसाल तर सतरंजी अंथरा. गवतावर आडवं होऊ नका. कपडे झुडपांवर वाळत घालू नका. घरी आल्यावर साबणाने अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा. शेतात निंदण-कापणी करणाऱ्या आयाबायांनाही हेच लागू, कारण त्यांचा गवताशी संबंध रोजचा.

आणि ताप आलाच, तर काख, जांघ, कंबर, छातीखालची घडी नीट पाहा. लाज बाळगू नका. डॉक्टरांना एवढं जरूर सांगा, ‘‘मी गवतात गेलो होतो.’’