रामवाडीचा पंखा आणि मुळशीचं पाणी

मे महिन्यात पेणच्या रामवाडीत रात्रभर पंखा लावल्याशिवाय झोप लागत नाही. 75 वॉटचा पंखा दहा तासांत पाऊण युनिट वीज घेतो. सकाळी बटण बंद केलं की पंखा थांबतो. मग रात्रभर घेतलेली ऊर्जा गेली कुठे?

ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, फक्त रूप बदलते, हा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शाळेत सगळेच पाठ करतात. तो आकड्यांत तपासून पाहायची सोय रायगड जिल्ह्यातच आहे, भिऱ्याला.

मुळा ही खरं तर पूर्वेकडे वाहणारी नदी. मुळशीच्या धरणात तिचं पाणी अडवून ते सह्याद्रीच्या कड्याकडे वळवलं आणि मोठ्या पाइपांतून कोकणात उतरवलं. पायथ्याचं टाटांचं भिरा वीजकेंद्र 1927 साली सुरू झालं. या धरणात ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्या मावळच्या शेतकऱ्यांनी 1921 पासून सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. तो हिशेब कोणत्याच सूत्रात बसत नाही.

सूत्रात बसतो तो उंचीचा हिशेब. वरून खाली साधारण 500 मीटरचा उतार आहे. एक लिटर पाण्याचं वस्तुमान एक किलो, गुरुत्व त्वरण 9.8. तिन्हींचा गुणाकार 4,900 ज्यूल. ही त्या लिटरभर पाण्याची स्थितिज ऊर्जा. पाणी खाली येताना तिची गतिज ऊर्जा होते. घर्षण सोडून दिलं तर तळाशी पाण्याची धार ताशी सुमारे 350 किलोमीटरच्या वेगाने सुटेल. ती टर्बाइनच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, चाकाला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. वाट्यांवरून ओघळणाऱ्या पाण्यात आता फारसा जोर उरलेला नसतो. तो चाकाकडे गेला.

एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. वाटेत शंभरातले पंधरा ज्यूल घर्षणात आणि तारांत उष्णता होऊन गेले असं धरलं, तर एका युनिटसाठी सुमारे 860 लिटर पाणी घाट उतरतं. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे रामवाडीत नेमकी भिऱ्याचीच वीज येते असं म्हणता येणार नाही. पण हिशेबापुरतं धरलं तर एका रात्रीच्या पंख्यामागे जवळपास 650 लिटर पाणी आहे, म्हणजे तीन मोठी पिंपं भरून वर थोडं.

पंख्याने ती ऊर्जा हवेला दिली. हवेचे झोत भिंतींना, एकमेकांना घासून शांत झाले आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन खोलीत पसरली. बंद खोलीतला पंखा खोली किंचित तापवतो. आपल्याला गार वाटतं ते घाम लवकर सुकतो म्हणून.

ती उष्णता परत वापरता का येत नाही? जेम्स ज्यूलने 1840च्या दशकात वजनं खाली सोडून पाण्यातली पाती फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. त्याचं माप भिऱ्याला लावू. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे 4,190 ज्यूल लागतात. म्हणजे तेच पाणी टर्बाइन न फिरवता 500 मीटर कोसळलं आणि सगळी ऊर्जा त्याच्यातच राहिली, तर ते जेमतेम 1.2 अंशांनी तापेल. ज्यूल तेवढेच, पण एवढ्याशा कोमट पाण्याने ना चाक फिरतं ना दिवा लागतो.

भिऱ्याला 150 मेगावॉटचा एक संच उलटाही चालतो. वीज जास्त असेल तेव्हा तो पाणी परत वर चढवतो. अशा पद्धतीत साधारण चार युनिट खर्च केली तर तीन हाती लागतात. चौथं युनिट नष्ट होत नाही, उष्णता होऊन विखुरतं.

‘वीज वाचवा’ याचा अर्थ इथे उलगडतो. ऊर्जा वाचवायची गरज नाही, ती कुठे जात नाही. वाचवायची असते ती कामाला येणारी ऊर्जा. या महिन्याचं वीजबिल काढा, वापरलेल्या युनिटना 860ने गुणा आणि येईल तेवढे लिटर पाणी तुमच्यासाठी घाट उतरलं असं समजा.