उताऱ्यात नसलेलं उत्तर

‘गणिताचं बघून घेऊ, पण इंग्रजीचं काय?’ भिलाईत एम.बी.ए. किंवा एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मराठी मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. घरात मराठी, गल्लीत हिंदी नि छत्तीसगढी, इंग्रजी फक्त पुस्तकात. त्यामुळे कॉम्प्रिहेन्शन म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि मग कठीण शब्दांच्या याद्यांची घोकंपट्टी सुरू होते. त्या याद्यांनी फारसं काही साधत नाही. अवघड शब्दाचा अंदाज बहुतेक वेळा आजूबाजूच्या वाक्यांवरून बांधता येतो.

दुसरा समज वेगाचा. भराभर वाचता आलं पाहिजे म्हणे! जरा हिशोब करा. नवा रायपूरच्या आयआयएमसाठी लागणाऱ्या कॅटमध्ये 2024 साली इंग्रजीच्या विभागाला 40 मिनिटं होती आणि 24 प्रश्न. त्यांतले 16 प्रश्न चार उताऱ्यांवर. उतारा साधारण 500 शब्दांचा धरला तर एकूण 2000 शब्द. मिनिटाला 200 शब्द, म्हणजे अगदी बेताच्या गतीनं वाचलं, तरी दहा मिनिटं पुरतात. वेळ खरा जातो तो पर्यायांमध्ये, दोन पर्याय सारखेच बरोबर वाटायला लागतात तेव्हा.

ते नेमकं कसं होतं, ते पाहा. समजा उताऱ्याचा मथितार्थ असा आहे: ‘आखीव वसाहतीत शेजार घट्ट होतो, असं नगररचनाकार मानतात. पण त्यामागे रस्त्यांच्या आखणीपेक्षा सगळ्यांची ड्यूटी एकाच कारखान्यात असण्याचा वाटा मोठा असू शकेल.’ लेखकाचं म्हणणं काय? पर्याय एक: आखीव वसाहतीत शेजार घट्ट होत नाही. दोन: शेजार घट्ट होण्याचं खरं कारण एकच कारखाना हे आहे. तीन: नगररचनाकारांच्या स्पष्टीकरणाखेरीज दुसरं कारण अधिक महत्त्वाचं असण्याची शक्यता लेखकाला वाटते. पहिला सहज कटतो. भिलाईच्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये वाढलेला मुलगा मात्र दुसऱ्यावर झडप घालतो, कारण त्याच्या अनुभवाला तो पटतो. पण लेखक ‘असू शकेल’ म्हणतोय, ‘आहे’ नाही. उत्तर तिसरं. चुकीचा पर्याय बऱ्याचदा असाच असतो: विषय बरोबर, शब्दही उताऱ्यातलेच, फक्त दावा एक पायरी वर चढवलेला.

म्हणूनच इंजिनिअरिंगच्या हुशार मुलांना हा भाग जड जातो, असं माझं मत आहे. विषयाची माहिती असली की ती उत्तरात मिसळते. इथे गुण मिळतात ते लेखकाच्या म्हणण्याला, आपल्या ज्ञानाला नाही.

सगळ्या परीक्षांना एकच तयारी चालते, हाही भ्रमच. 2016 साली सुरू झालेल्या आयआयटी भिलाईत एम.टेक.साठी गेट लागते. तिथे 100 पैकी 15 गुण जनरल ॲप्टिट्यूडचे, त्यात इंग्रजीचा वाटा थोडाच आणि उतारे चार-सहा ओळींचे. त्यासाठी कॅटचे लांबलचक उतारे गिरवणं म्हणजे वेळ वाया. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या सीयूईटी पीजीमध्ये 2024 पासून सगळ्यांना सामाईक असलेला भाग गेला. आता व्यवस्थापनासारखा पेपर घेतलात तरच आकलनाचे प्रश्न येतात.

आणि ‘शंका आली की प्रश्न सोडून द्या’ हा क्लासमधला लाडका सल्ला. कॅटमध्ये बरोबर उत्तराला 3 गुण, चुकलं तर 1 वजा. चारांतून डोळे मिटून टिकलं, तर सरासरी हिशोब शून्यावर येतो. एक पर्याय खात्रीनं कटला की पारडं तुमच्या बाजूला झुकतं, दोन कटले तर चांगलंच झुकतं. सीयूईटी पीजीत बरोबरला 4 आणि चुकीला 1 वजा, म्हणजे तिथे कोरं सोडणं आणखी महाग. महाराष्ट्राच्या एम.बी.ए. सीईटीत तर वजा गुणच नाहीत. तिथे घंटा व्हायच्या आत उरलेली सगळी उत्तरं टिकून मोकळं व्हायचं.