कवडीची साक्ष

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी नावाचे गाव आहे. बंजारा समाजाचे थोर संत सेवालाल महाराज यांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर ह्या गावी असल्यामुळे त्यास बंजारा समाजाची काशी म्हणतात. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्रातूनच नव्हे, तर तेलंगण, कर्नाटक अशा दूरच्या राज्यांतूनही भाविकांचे तांडे येथे लोटतात. नंगाऱ्याचा घोष चालू असतो. त्या गर्दीत पारंपरिक वेष केलेली एखादी वृद्ध स्त्री आपल्या दृष्टीस पडते. अंगात काचळी, कमरेस घेरदार फेटिया आणि मस्तकावर छांटिया असा तिचा वेष असतो. त्यावर रंगीत धाग्यांचे बारीक टाके, आरशांचे लहान तुकडे आणि पांढऱ्याशुभ्र कवड्या शोभत असतात.

आपण तो वेष पाहतो, "किती सुंदर!" असे म्हणतो आणि पुढे चालू लागतो. इतिहासाचा विद्यार्थी मात्र तेथे क्षणभर थांबतो. समुद्र तर येथून शेकडो किलोमीटर दूर. मग समुद्रात सापडणारी कवडी ह्या पोशाखावर आली कोठून, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो.

असा प्रश्न पडणे हाच इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ होय. पुढे महाविद्यालयात गेल्यावर इतिहासाबरोबरच कलेचा इतिहास हाही विषय शिकता येतो, हे तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. कलेचा इतिहास शिकणे म्हणजे केवळ चित्रांचे व मूर्तींचे गुणवर्णन करणे नव्हे. एखादी वस्तू कोणी घडवली, केव्हा घडवली, तिच्यासाठी कोणते साहित्य वापरले, ते कोठून आणले, आणि ती वस्तू कोणाच्या उपयोगाची होती, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यात शोधावी लागतात. इतिहास कागदपत्रांची साक्ष काढतो, तर कलेचा इतिहास वस्तूंची. ह्या दोन साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्या म्हणजे सत्य अधिक स्पष्ट होते.

ह्याचे एक उत्तम उदाहरण वाशीम शहरातच घडले. ह्या शहराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. १९३९ साली येथे एक जुना ताम्रपट उजेडात आला. नागपूर येथील महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे वा. वि. मिराशी यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. वाकाटक घराण्यातील दुसरा विंध्यशक्ती ह्या राजाने वत्सगुल्म येथून दिलेले ते दानपत्र होते. त्यात त्याच्या पित्याचे नाव सर्वसेन असे दिले होते. वाशीम येथे वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, ही गोष्ट त्या ताम्रपटामुळे प्रथमच निश्चित झाली.

येथून पश्चिमेकडे दूर असलेल्या अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात वाकाटकांची वंशावळ सांगणारा एक शिलालेख आहे. काळाच्या ओघात त्यातील अनेक अक्षरे झिजून गेली आहेत. त्यामुळे पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यातील काही नावे निराळी वाचली होती. ताम्रपट हाती आल्यावर मिराशींनी तो लेख पुन्हा तपासला, तेव्हा तेथेही सर्वसेन हेच नाव असल्याचे त्यांस आढळले. हे लेणे ज्याने कोरविले, तो वराहदेव हा ह्याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री होता. अशा रीतीने वाशीमच्या तांब्याच्या पत्र्यांनी अजिंठ्याच्या भिंतीवरील अक्षरे वाचण्यास साहाय्य केले. एका महाविद्यालयीन अध्यापकाच्या चिकाटीने हे घडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

राजे ताम्रपट देऊ शकत होते. परंतु ज्यांनी ताम्रपट लिहविले नाहीत, त्यांचा इतिहास कसा कळावा? बंजारा लोकांच्या गोरमाटी बोलीस स्वतःची लिपी नाही. त्यांच्या पूर्वजांची माहिती गीतांतून, कथांतून आणि वस्तूंतून शोधावी लागते. म्हणून आपण पुन्हा त्या कवडीकडे वळू.

कवड्या मुख्यत्वे मालदीव बेटांकडून भारतात येत असत आणि अनेक शतके त्या नाण्यांप्रमाणे चालत. 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे आपले शब्दप्रयोग त्या काळाचीच आठवण देतात. तेव्हा पोशाखावर कवडी आहे, म्हणून बंजारे समुद्रावर गेले असलेच पाहिजेत, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. ती बाजारातूनही आली असेल. येथे दुसरी साक्ष हवी. १६३२ साली पीटर मंडी ह्या इंग्रज प्रवाशाने उत्तर भारतात बंजाऱ्यांचा एक तांडा पाहिला. त्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. 'लमाण' हे नाव 'लवण', म्हणजे मीठ, ह्या शब्दावरून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. वस्त्र, प्रवासवर्णन आणि भाषा अशा तीन साक्षी जुळल्या, की एक चित्र उभे राहते : रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती, त्या काळी देशाचे धान्य व मीठ बैलांच्या पाठीवरून वाहणारा हा कष्टाळू व्यापारी समाज होता.

हे चित्र जपणे अगत्याचे का आहे, तेही पाहू. १८५३ नंतर देशात रेल्वे पसरत गेली आणि तांड्यांचा व्यापार बुडाला. पुढे १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून अनेक फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. बंजारा समाजातील काही गटांनाही त्याची झळ पोहोचली. हा अन्यायी कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. परंतु सरकारी दप्तरांतील जुन्या नोंदी कायम राहिल्या. उद्या कोणी केवळ त्या नोंदी वाचून इतिहास लिहिला, तर चौदा हजार बैलांचा तो तांडा त्यात कोठेच दिसणार नाही. ज्याच्या हाती लेखणी होती, त्याचीच बाजू खरी ठरेल. पोशाखावरील कवडी ही ह्या एकतर्फी नोंदींविरुद्ध उभी असलेली साक्षीदार आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु काचेच्या कपाटातील वस्त्र आपण होऊन बोलत नाही. ह्या टाक्यास काय म्हणतात, तो कोणी शिकविला, ही काचळी कोणत्या प्रसंगी नेसत, होळीच्या लेंगी गीतात कोणत्या गावांची नावे येतात, हे ज्यांना माहीत आहे, त्या वृद्ध स्त्रिया आज आपल्यात आहेत. वस्त्र विरले तर त्याचे चित्र तरी उरेल. परंतु त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच लोपतील.

ह्या कामासाठी महाविद्यालयात जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तुमच्या घरातील आजीजवळ बसा. पेटीतील एखादे जुने लुगडे, तांब्याचे भांडे किंवा जाते तिला दाखवा आणि ते कोठून आले, कोणी आणले, असे विचारा. तिचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, खाली तारीख घाला आणि मग इतरांकडून ते पडताळून पहा. तुमच्या वहीतील ते एक पान उद्याच्या इतिहासकारास ताम्रपटाइतकेच मोलाचे वाटेल.