उलटं फिरणारं पाणी

चांदूर रेल्वेत नाली तुंबली की कोणीतरी बांबू घेऊन बाहेर येतो, दोन-चारदा खुपसतो आणि पाणी चालू लागतं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंच. उतार फुकटात मिळालाय, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

इथून रेल्वेने मुंबईला गेलं की हा उतारच संपतो. कित्येक नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली. भरतीला समुद्रच नाल्यातून शहरात शिरू पाहतो. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाणी पडलं. आपल्या चांदूरच्या अख्ख्या पावसाळ्यापेक्षा जास्त! जुने नाले होते ताशी 25 मिलिमीटरच्या हिशोबाचे, तेही ओहोटी असेल तर.

हे नाले सुधारण्याच्या 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पात तो हिशोब ताशी 50 वर न्यायचं ठरलं. दुप्पट पाण्याला दुप्पट व्यासाचा पाइप हवा, असं वाटतं ना? नाही. उतार तोच ठेवून व्यास दुप्पट केला तर जवळपास सहापट पाणी वाहतं! पाण्याला अडवते पाइपची भिंत, आणि मोठ्या पाइपात भिंतीला घासत जाणाऱ्या पाण्याचा वाटा घटतो. मग टाका की भलामोठा पाइप! पण एरवी त्यात सांडपाण्याची बारीक धार असते. ती सुस्तावते, गाळ तळाशी बसतो आणि मोठा पाइपच तुंबतो. 19व्या शतकात लंडनच्या गटारांत यावर वापरलेली तोड मला फार आवडते: अंड्याच्या आकाराचं गटार, निमुळतं टोक खाली. थोडं पाणी अरुंद तळातून झपझप जातं. लोंढा आला तर वरची रुंदी आहेच.

मुंबईत मात्र आकाराने भागत नाही. हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी भरतीला दारं बंद करून पंपांनी पाणी समुद्रात फेकतात. खोलगट हिंदमाता भागातलं पाणी तर जवळच्या मैदानाखालच्या टाक्यांत ओहोटीपर्यंत थांबवून ठेवतात.

घराच्या तळघराचं दुखणंही तेच, पाणी उलटं फिरण्याचं. रस्त्याखालच्या गटारातली पातळी तळघरातल्या मोरीच्या वर चढली की घाण मोरीतून वर येते. इलाज आपल्या विहिरीतल्या फुटव्हॉल्वचा भाऊच: एकाच बाजूला उघडणारी झडप. बाहेरचं पाणी उलटलं की ती मिटते. मात्र ती मिटलेली असेपर्यंत घरात आंघोळ करायची नाही; तेही पाणी बाहेर जात नाही, तळघरातच येतं.