इंजिनाचा रंग भाजावा लागतो
दुचाकीची निगा : भाग ७

मागच्या भागात टाकीचा रंग झाला. उरलेला डबा इंजिनालाही मारून टाकावा, हा मोह मलाही झाला होता. वडिलांची जुनी बुलेट, तिचा बिडाचा ब्लॉक गंजून तांबडा पडलेला. एका संध्याकाळी चंदेरी ऑइल पेंटचे दोन जाड हात दिले आणि दुसऱ्या दिवशी नांदेडहून लातूरला निघालो. लोह्याच्या आसपास जळका वास यायला लागला. अहमदपूरला चहाला थांबलो, तेव्हा हेडजवळचा रंग पिवळा पडून पापडासारखा फुगला होता. नखाने टोचलं, तर खाली तोच तांबडा गंज.

रंग वाईट नव्हता, जागा चुकली होती. ऑइल पेंटचा कण न् कण धरून ठेवते ती तेल-राळेची, म्हणजे कार्बनची साखळी. शंभर अंशांच्या पुढे ती जळायला लागते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं हेड चढावर, ओझं घेऊन चालताना सहज १५० ते २०० अंशांपर्यंत जातं, एक्झॉस्टच्या तोंडाशी त्याहून जास्त. क्लच कव्हर मात्र आतल्या तेलाइतकंच, म्हणजे शंभराच्या आगेमागे तापतं. म्हणून एकाच इंजिनावर एकच रंग खाली टिकतो आणि वर जळतो.

उष्णता सोसणाऱ्या रंगात ही साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजनची असते. गोदावरीच्या वाळूत हीच जोडी आहे. कार्बनला कार्बन जेवढा घट्ट धरतो, त्याहून सिलिकॉनला ऑक्सिजन जास्त घट्ट धरतो. त्याच्या चंदेरी प्रकारात ॲल्युमिनियमच्या चपट्या चकत्या असतात, त्या कौलांसारख्या एकमेकींवर सरकून बसतात आणि हवा-पाणी धातूपर्यंत पोचू देत नाहीत. या ॲल्युमिनियम रंगासाठी भारतीय मानक आहे, आय. एस. १३१८३. त्यात ६००, ४०० आणि २०० अंशांच्या तीन प्रती आहेत. बॉयलर, चिमण्या, वाफेचे पाईप ही त्याची मूळ जागा, त्यामुळे साखर कारखान्यांच्या मुलखात हा रंग परका नाही. डबा घेताना मात्र ‘हीट प्रूफ’ एवढ्या शब्दावर जाऊ नका, किती अंश लिहिलेत ते वाचा.

आता खरं काम, म्हणजे सफाई. आपल्याकडची काळी माती फिनच्या, म्हणजे इंजिनावरच्या पात्यांच्या फटीत बसते आणि इंजिनाच्या आचेवर भाजून विटेसारखी होते. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने ती निघत नाही. देगलूर नाक्याकडच्या एका चाचांनी मला बांबूची कामटी तासून दिली होती, फिनच्या फटीत जाईल इतकी पातळ. ‘लोखंड घालू नका दादा, पात्याला ओरखडा पडतो,’ म्हणाले. डिझेलमध्ये रात्रभर भिजवलेली माती सकाळी त्या कामटीने ढेकळासारखी बाहेर आली. मग साबणाचं पाणी, वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि शेवटी स्वच्छ फडक्याने थिनर. थिनरनंतर त्या भागाला उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेल राहिलं, तर रंग नेमका तिथूनच सुटतो.

कॉस्टिक सोड्याचा घाट मात्र घालू नका. बिडाला तो चालतो, पण ॲल्युमिनियमला खातो. फेस येतो, धातू काळा पडतो आणि गॅस्केट बसायची गुळगुळीत बाजू कायमची बिघडते. खड्ड्यांत लांबी भरणंही इथे वर्ज्य, तापली की ती तडकते.

इंजिन गाडीवरच असेल तर प्लग जागेवर घट्ट ठेवा. कार्ब्युरेटर, वायरी, नळ्या आणि ब्रीदर पेपर टेपने व प्लास्टिकने बंद करा. उतरवलेला ब्लॉक असेल तर बोअर आणि गॅस्केटच्या बाजू झाका.

स्प्रे पहाटे मारावा. एप्रिल-मे महिन्यात नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढे जातो. दुपारच्या झळांत रंगाचा थेंब धातूवर पोचायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात दमट हवेचा त्रास. हात पातळ द्यायचा, एक हात २०-२५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. असे दोन हात पुरे. जाड थर फिनवर पांघरुणासारखा बसतो आणि तडकतोही.

काळ्या रंगाने इंजिन उन्हात जास्त तापेल का? कडक उन्हात एका चौरस मीटरवर फार तर १००० वॅट पडतात, १५० अंशांवरचा काळा पृष्ठभाग सुमारे १८०० वॅट बाहेर टाकतो. म्हणजे काळा रंग उष्णता घालवायला मदतच करतो. पण धावत्या गाडीचं इंजिन मुख्यतः वाऱ्याने थंड होतं, तेव्हा काळा की चंदेरी हे मनाने ठरवावं.

रंग बोटाला लागेनासा झाला म्हणजे काम झालं, असं समजू नका. कुंभाराचा माठ उन्हात वाळला तरी पाणी घातल्यावर विरघळतो, भट्टीतून निघाला की मगच पाणी धरतो. सिलिकॉनचा रंगही साधारण २०० अंशांची आच लागल्याशिवाय पक्का होत नाही. तोवर कार्ब्युरेटरमधून पेट्रोलचा एक थेंब ओघळला, तरी रंग पुसून जातो. सुटा ब्लॉक असेल तर पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत भाजून घ्यावा, कपाटं-खिडक्यांसाठी त्याची भट्टी १८०-२०० अंशांवर चालतेच. घरात स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये मात्र कधीही नाही.

गाडीवर भाजायचं असेल तर एक दिवस वाळू द्या. मग उघड्यावर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करा आणि हात ठेवता येईल इतकं पूर्ण थंड होऊ द्या. पुन्हा तेवढंच, पुन्हा थंड. तिसऱ्यांदा आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. पहिल्या वेळी धूर आणि उग्र वास येतो, त्याने घाबरू नका. तिसऱ्या फेरीनंतर वास थांबला, की थिनरचं फडकं एका कोपऱ्यात हलकेच फिरवून पाहा. फडकं कोरं निघालं तर भाजणी झाली. हेडजवळ कोरं आणि क्लच कव्हरवर रंग लागलेलं निघेल, कारण कव्हर २०० पर्यंत तापतच नाही. तिथे हा रंग वापरू नका, कमी आचेवर पक्का होणारा एपॉक्सी इंजिन पेंट मारा.

बेंड पाईप ४००-५०० अंशांचा, त्याचं गणित वेगळं. ते पुढच्या आठवड्यात.