सिस्टरची नोंदणी पुन्हा पुन्हा कशाला?



मागच्या अंकातल्या जमाखर्चात “सिस्टर्सची नोंदणी व प्रशिक्षण” अशी एक ओळ होती. ती वाचून दोन मंडळ्यांतून एकच प्रश्न आला. सिस्टर शिकूनच कामाला येतात ना, मग नोंदणीवर पुन्हा पुन्हा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. औषधे, धान्य, वसतिगृहातल्या मुलींची पुस्तके यांचा खर्च डोळ्यांना दिसतो, हा दिसत नाही. दवाखान्यातल्या सिस्टर्सची जबाबदारी माझ्याकडे आहे, तेव्हा उत्तरही मीच लिहावे असे ठरले.

पहिली गोष्ट अशी की परीक्षा पास होणे आणि सिस्टर म्हणून काम करण्याची परवानगी मिळणे ही दोन वेगळी कामे आहेत. आमच्या मुली बहुतेक दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम कोर्स करून येतात. परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारे मंडळ वेगळे. त्यानंतर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अर्ज करून तिच्या नोंदवहीत नाव चढवावे लागते. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ सालचा आहे, आणि परिषदेचे काम त्याप्रमाणे चालते. नोंदवहीत नाव नसेल तर कितीही हुशार मुलगी असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती सिस्टर नाही. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला, त्यातही नोंदवहीचे महत्त्व तसेच आहे.

आणि ही नोंदणी जन्मभराची नसते. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी नुसती फी भरून भागत नाही. मधल्या पाच वर्षांत १५० तासांचे शिक्षण घेतल्याची प्रमाणपत्रे लागतात. याला निरंतर परिचर्या शिक्षण म्हणतात, आम्ही सगळ्या सीएनई म्हणतो. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हे तास सहज होतात, कारण कार्यशाळा तिथेच भरते. सिस्टर ड्यूटी संपवून वरच्या मजल्यावर जाते आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन घरी येते. आमच्याकडे तसे नाही. ते कसे नाही, हे आमच्याच एका चुकीवरून सांगते.

आमची एक सिस्टर पावरा समाजातली आहे. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर तिचे माहेर. दवाखान्यात पावरी बोली घरच्यासारखी बोलणारी ती एकटीच. डोंगरातून पहिलटकरीण आली, की तिला आमच्या मराठीतले निम्मे कळत नाही. त्यात कळा चालू असतात आणि खोली परकी असते. ही सिस्टर पुढे झाली की बाईचा चेहराच बदलतो. तिची नोंदणी संपल्याचे आम्हाला मुदत उलटून गेल्यावर कळले. तेही आमच्या लक्षात आले नाही. दवाखान्याच्या स्वतःच्या नोंदणीसाठी कर्मचाऱ्यांची यादी द्यायची होती, म्हणून सगळ्यांची प्रमाणपत्रे टेबलावर मांडली तेव्हा तारीख दिसली. शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्याप्रमाणे आम्हालाही आमच्याकडे पात्र माणसे आहेत हे दाखवावे लागते. त्याच दिवशी डॉक्टरांनी तिचे नाव ड्यूटीच्या तक्त्यातून काढले. दुसरा मार्गच नव्हता. तिच्या हातून इंजेक्शन दिले गेले आणि पुढे काही बरेवाईट झाले, तर ती, डॉक्टर आणि दवाखाना तिघेही अडचणीत आले असते.

दोष तिचा नव्हता, माझा होता. कपाटातल्या प्रत्येक औषधाची मुदत कधी संपते याची वही मी ठेवते. सिस्टर्सच्या तारखांची वही मात्र ठेवली नव्हती.

त्यानंतरच्या एका रात्री पाड्यावरून एक मुलगी बाळंतपणासाठी आली. सोबत सासू होती. दोघींना पावरीशिवाय काही येत नव्हते. ड्यूटीवरच्या सिस्टरने दोन-तीनदा समजावले, पण जोर कधी करायचा आणि कधी थांबायचे हे त्या मुलीला कळेना. शेवटी मी क्वार्टरवरून हिला बोलावून आणले. ती आली आणि उशाशी उभी राहिली. मुलीचा हात धरून पावरीत सांगत राहिली. हातमोजे घातले नाहीत, ट्रेला हात लावला नाही. त्या खोलीत ती तेव्हा नातेवाईक म्हणून होती, सिस्टर म्हणून नव्हती. बाळ-बाळंतीण सुखरूप झाली, देवाचे आभार. पण बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “ताई, मला माझंच काम बघत उभं राहावं लागलं.” मला त्यावर काही बोलता आले नाही.

आता त्या १५० तासांकडे येते. दिवसभराच्या कार्यशाळेचे सहा तास धरले, तर पाच वर्षांत पंचवीस दिवस होतात, म्हणजे वर्षाला पाच. ऐकायला फार नाहीत. पण कार्यशाळा नाशिकला किंवा मुंबईला असते. डोंगरातल्या उपकेंद्रावरून निघायचे, एसटीने खाली यायचे, नंदुरबारहून रात्रीची गाडी धरायची, तसेच परत यायचे. एका दिवसाच्या शिकण्यामागे तीन दिवस जातात. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली, की तोही हिशेब चुकतो. ती सिस्टर नसताना तिची पाळी दुसरीने करायची. आमच्याकडे माणसे मोजकी, त्यामुळे “पुढच्या वेळी जाईन” असे पाच वर्षे चालते. आणि शेवटच्या वर्षी १५० तास एकदम कोणी कुठून आणणार?

तास भरण्यापुरते शिक्षण घेण्यात मला रस नाही, हेही सांगते. काही कार्यशाळा मी पाहिल्या आहेत. मोठा हॉल, स्वागत-सत्कारात सकाळ गेलेली, जेवण उत्तम, आणि आम्ही कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या यंत्राबद्दल इंग्रजीत भाषण. प्रमाणपत्र मिळते, हाती काही लागत नाही. पण चांगल्या कार्यशाळेने काय होते, तेही पाहिले आहे.

मी शिकले तेव्हा बाळ बाहेर आले की नाळ लगेच बांधून कापत. जितकी घाई, तितकी सिस्टर तरबेज समजायची. आता बाळ ठणठणीत असेल तर निदान एक मिनिट थांबायला शिकवतात, कारण तेवढ्या वेळात वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पुढच्या महिन्यांत त्याच्या अंगात लोह टिकते. ज्या भागात आयाच रक्त कमी असलेल्या, तिथे हा एक मिनिट फार मोलाचा. बाळ जन्मल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन दंडात किंवा मांडीत द्यायचे, म्हणजे गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव कमी होतो. आमच्याकडून रक्तपेढी लांब आहे. बाई रक्ताने भिजल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते एक इंजेक्शन वेळेवर देणे किती मोठे आहे, हे त्या रस्त्याने ज्याने पेशंट नेला आहे त्यालाच कळेल. बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, पुसून आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवावे, हेही असेच. पूर्वी आम्हीच गरम पाण्याची बादली मागवत होतो!

सिकलसेलचे तर विचारू नका. आमच्या भागातल्या भिल्ल, पावरा, मावची कुटुंबांत हा आजार आहे. सांधे दुखतात, पोट दुखते, डोळे पिवळे होतात, आणि घरचे म्हणतात की अशक्तपणा आहे. जुन्या सिस्टर्सनाही कोर्समध्ये याबद्दल एखादे पानच होते. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तेव्हापासून तपासण्या वाढल्या आहेत. पण पहिली सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे ती व्यक्ती रुग्ण आहे की फक्त वाहक, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी पुढची चाचणी करावी लागते. एवढी एक गोष्ट सिस्टरला नीट ठाऊक नसली, तर ठरलेले लग्न मोडू शकते किंवा आजारी मूल “नुसता वाहक” म्हणून घरी जाऊ शकते. असे विषय असले तर मी १५० नव्हे, ३०० तासही बसवीन.

तासांचे झाले. कागदांचे राहिले, आणि खरी दमछाक तिथे होते.

आता अर्ज ऑनलाइन आहे. मूळ नोंदणीचे प्रमाणपत्र, आधार, फोटो, सीएनईची प्रमाणपत्रे, सगळे स्कॅन करून चढवायचे. सगळीकडे नाव एकच हवे. आमच्या मुलींचे नाव एकच नसते. शाळेत गुरुजींनी नावापुढे “बाई” लावलेले असते, आधारवर ते नसते. वळवी आणि वसावे यांचे इंग्रजी स्पेलिंग कुणी व्हीने करतो, कुणी डब्ल्यूने. दहावीच्या मार्कशीटवर एक, जातीच्या दाखल्यावर दुसरे. मग लग्न होते, आणि आधारवर नवऱ्याचे नाव येते. नोंदवहीत मात्र माहेरचे असते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रात नावबदल छापून आणणे भाग पडते. पाड्यावरच्या कितीतरी लग्नांची नोंदच झालेली नसते. ती करण्यापासून सुरुवात. या सिस्टरच्या बाबतीत नेमके तेच झाले. तासांची प्रमाणपत्रे जमवण्यापेक्षा तिच्या नावाचा मेळ घालायला आम्हाला जास्त दिवस लागले.

मोबाइलचेही एक आहे. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर वडिलांचा, आणि वडील ऊसतोडीला गेलेले. भारतीय परिचर्या परिषदेच्या देशव्यापी नोंदवहीत आता सिस्टर्सना कायमचा एक क्रमांक मिळतो, पण तोही आधारवरच उभा आहे. म्हणून आमच्याकडे मुलगी कामाला आली, की पहिल्या आठवड्यात तिला आधार केंद्रावर नेऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घेतो. साधे काम आहे, पण अर्धे अडथळे तिथेच संपतात.

हद्दीचा प्रश्न आमच्याकडे वेगळा. नवापूरच्या पलीकडे लगेच गुजरात. तिकडे नातेवाईक असतात, काही मुली तिकडेच नर्सिंग शिकतात. परत आल्यावर त्यांना वाटते की प्रमाणपत्र आहे, चला कामाला. पण गुजरातच्या परिषदेची नोंदणी महाराष्ट्रात चालत नाही. तिथून ना-हरकत पत्र आणायचे, त्या परिषदेने इकडे पडताळणी कळवायची, मग इथे नाव चढते. तोवर आम्ही अशा मुलीला सिस्टरच्या जागेवर ठेवत नाही, मग ती कुणाच्याही ओळखीची असो. यावरून एक-दोन घरांतून मला बोलणीही बसली आहेत.

आपल्या देणगीतून ती जमाखर्चातली रक्कम कुठे जाते, हे आता लक्षात आले असेल. नूतनीकरणाची फी, मुदत उलटली असेल तर विलंब शुल्क, कार्यशाळेची फी, एसटी आणि रेल्वेचे भाडे, आणि सिस्टर बाहेर असेल तेवढे दिवस बदली सिस्टरचा पगार. यातला शेवटचा आकडा सगळ्यात मोठा आहे. फी सिस्टरने स्वतः भरावी असे काहींचे मत आहे. तत्त्व म्हणून ते चुकीचे नाही. पण एएनएमच्या पगारात घर, धाकट्यांचे शिक्षण आणि वर्षाला पाच प्रवास बसत नाहीत, आणि तिची मुदत संपली तर पहिला फटका पेशंटला बसतो. म्हणून समितीने निम्मा भार उचलायचे ठरवले आहे.

त्या सिस्टरचे नूतनीकरण झाले. कागद आला त्या दिवशी तिने रात्रपाळी मागून घेतली. मी आता औषधांच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळ्यांची नावे लिहून ठेवली आहेत. नावापुढे मुदत, त्याखाली झालेले तास. दर तीन महिन्यांनी, म्हणजे हे पत्रक निघते त्याच सुमाराला, ते पान उघडून बघते. पुढच्या वर्षी तिघींच्या तारखा आहेत. दोघींचे तास पुरे होत आले आहेत, तिसरीचे निम्मेच आहेत.

आपल्या मंडळीत कोणी सिस्टर असेल, विशेषतः खेड्यात किंवा लहान दवाखान्यात काम करणारी, तर तिला रविवारी उपासनेनंतर एवढेच विचारा की नोंदणीची तारीख कधीची आहे. बऱ्याच जणींना ती आठवणार नाही.

आणखी एक विनंती. सिस्टर्सना शहरात पाठवण्याऐवजी शिकवणारेच इकडे आणावेत, असा आमचा विचार आहे. सिकलसेल आणि बाळंतपणातला रक्तस्राव या दोन विषयांवर दोन दिवसांची कार्यशाळा आमच्याच सभागृहात घ्यायची आहे. तास धरले जावेत म्हणून परिषदेची मान्यता आधी घ्यावी लागते, तिचा अर्ज तयार करत आहोत. आजूबाजूच्या सरकारी उपकेंद्रांतल्या सिस्टर्सनाही बोलावू. राहण्याची सोय मुलींच्या वसतिगृहात सुट्टीच्या दिवसांत होईल, जेवण आमच्या स्वयंपाकघरातले. आपल्यापैकी कोणी डॉक्टर किंवा नर्सिंगचे शिक्षक असाल आणि सावकाश मराठीत शिकवू शकत असाल, तर कार्यालयाला कळवा. प्रोजेक्टर आमच्याकडे आहे. वीज जाते, म्हणून फळा आणि खडूही तयार ठेवू.