नवा लॅपटॉप तपासताना: बांधणी, ताठरता आणि किरकोळ डाग

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये, म्हणजे होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत, पीजीत राहून इंटर्नशिप करणारी अनेक मराठी मुले-मुली आहेत. लॅपटॉप बहुधा ऑनलाइन मागवला जातो. खोका दारात आला की परत करण्याची मोजक्या दिवसांची मुदत सुरू होते. त्या दिवसांत काय पाहायचे आणि काय सोडून द्यायचे, हे आपण पाहू.

झाकण बोटाने दाबले की लवते, म्हणून लॅपटॉप तकलादू, असे सर्रास म्हटले जाते. येथे दोन गुणधर्मांची गल्लत होते. लवणे म्हणजे ताठरता कमी असणे. तुटणे म्हणजे बळकटी कमी असणे. पत्र्याची वाकण्याविरुद्धची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे जाडी निम्मी केली की ताठरता आठव्या हिश्श्यावर येते. पदार्थाचा वाटा यंगच्या गुणांकातून कळतो: अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ७०, मॅग्नेशियमचा ४५, एबीएस प्लास्टिकचा दोन-अडीच गिगापास्कल. १ मिमी अ‍ॅल्युमिनियमइतकी ताठरता हवी असेल तर प्लास्टिक जवळपास ३ मिमी जाड लागेल. मॅग्नेशियमला सुमारे १.१६ मिमी पुरतात, आणि घनता कमी असल्याने (१.७४ विरुद्ध २.७०) तो पत्रा चौथाईने हलका भरतो. वजन आणखी वाचवायला जाडी कमी केली की झाकण लवणारच. तेवढ्यावरून यंत्र वाईट ठरत नाही. मात्र झाकणाच्या पाठीवर हलके दाबल्यावर स्क्रीनवर लाटा उमटल्या, किंवा तळवा टेकताच टचपॅड आपोआप क्लिक झाले, तर बदलून मागावे.

सर्वांत जास्त वेळ बिजागरीला द्या. घट्ट बिजागरी मजबूत वाटते, पण प्लास्टिकच्या अंगात तिचे स्क्रू पितळी नळ्यांमध्ये बसवलेले असतात आणि झाकण उघडताना सगळा ताण त्या नळ्यांवर येतो. उघडताना कोपऱ्यातली फट रुंदावली किंवा कुरकुर ऐकू आली, तर पुढेमागे नळी उपटून येण्याची भीती असते.

सपाटपणासाठी स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा उत्तम. लॅपटॉप ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगला तर खाली झेरॉक्सचा कागद सरकवा. तो सुमारे ०.१ मिमी जाडीचा असतो. एक-दोन कागद जात असतील तर रबरी पाय सांभाळून घेतात. पण टचपॅड वर उचललेले किंवा तळ फुगलेला दिसला, तर बॅटरीचा संशय घ्यावा आणि चार्जिंगला लावूच नये.

स्क्रीनचा हिशेब वेगळा. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू, प्रत्येकात तीन रंगांचे उपबिंदू, एकूण बासष्ट लाखांहून अधिक. त्यातला एखादा बिघडणे उत्पादनात गृहीतच धरलेले असते. आयएसओ १३४०६-२ या २००१च्या जुन्या मानकात दुसऱ्या वर्गाच्या स्क्रीनला दर दहा लाख चित्रबिंदूंमागे दोन कायम उजळ, दोन कायम काळे आणि पाच सदोष उपबिंदू चालत. आज कंपन्या आपापली मर्यादा ठरवतात, म्हणून वॉरंटीचा तेवढा भाग वाचावा. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे कोरे पडदे लावून अंधाऱ्या खोलीत पाहा. कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्यासाठी भांडू नये. मधोमध लाल ठिपका असेल तर जरूर भांडावे.

ओरखडा, पोचा, रंगातला फरक यांना वॉरंटी सहसा लागू नसते. बिजागरीसारख्या उत्पादनदोषाला ती नंतरही लागू असते. म्हणून दिसणाऱ्या दोषांची तक्रार आधी, परतीच्या मुदतीतच करायची. ओरखडा आपल्याकडून पडला नाही हे दाखवायला सीलबंद खोका उघडतानाचे सलग चित्रीकरण आणि पावती जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार गुणवत्तेतली अपूर्णता किंवा उणीवही ‘दोष’ ठरू शकते, पण कायद्याने, कराराने वा विक्रेत्याच्या दाव्याने अपेक्षित दर्जाच्या तुलनेत. विक्रेत्याने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. जिल्हा आयोगाकडे तक्रार आपण राहतो किंवा काम करतो तेथेच दाखल करता येते, त्यामुळे एचएसआरमधल्या विद्यार्थ्याला विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.